बांडगुळाचा माळी

आमच्या गावी आंबे उतरवून झाले की एक काम हमखास निघायचं: कलमांवरची बांडगुळं काढणं. गडी कोयता घेऊन वर चढायचा आणि आजोबा खालून ओरडायचे, "वरवर छाटू नको रे, फांदीसकट घे, हातभर खालून!" बांडगूळ नुसतं छाटलं तर पुन्हा फुटतं, कारण त्याची मुळं फांदीच्या लाकडात शिरलेली असतात. मला मात्र तेव्हा वेगळाच प्रश्न पडायचा. इतक्या उंचावर हे लावतं तरी कोण?

उत्तर बऱ्याच वर्षांनी मिळालं. फुलटोच्या. अंगठ्याएवढा पक्षी. बांडगुळाचं फळ खातो, बी काही पचत नाही, आणि ती इतकी चिकट की बाहेर पडतानाही अंगाला धरून बसते. मग हा पठ्ठ्या फांदीवर बूड घासतो आणि बी तिथेच डकवून मोकळा होतो. आजोबा वर्षानुवर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडत होते, तो अपराधी रोज आमच्या अंगणात चिकचिक करत फिरत होता.

हे सगळं सांगायचं कारण असं की पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, चिली आणि अर्जेंटिनाच्या दक्षिणेकडच्या रानात, हेच काम एक सस्तन प्राणी करतो. रात्री करतो. उंदराएवढा आहे, शेपटीने फांदी धरतो आणि मादीच्या पोटाला पिल्लं ठेवायची पिशवी असते. म्हणजे हा कांगारूच्या गोतावळ्यातला. त्याचं नाव मोनितो देल मोंते, 'रानातलं पिटुकलं माकड'. माकडाशी त्याचा काडीचा संबंध नाही. पकड असलेले पंजे, गुंडाळता येणारी शेपटी आणि डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं पाहून स्पॅनिश बोलणाऱ्यांनी ठेवलेलं ते लाडाचं नाव.

लाड सगळ्यांनीच केले असं नाही. दक्षिण चिलीतल्या तळ्यांच्या मुलखात हा प्राणी घरात दिसणं अपशकुनी मानलं जायचं. दिसला म्हणून लोकांनी घर जाळून टाकल्याच्याही गोष्टी सांगितल्या जातात. आपल्याकडे घुबडाचं जे झालं, तेच. तर एकीकडे सगळ्यांनी शिवी म्हणून वापरलेली वनस्पती आणि दुसरीकडे घर जाळण्याइतका बदनाम प्राणी. या दोघांच्या जोडीवर तिथल्या रानाचा बराच मोठा भाग उभा आहे, आणि म्हणूनच हा लेख.

आधी त्याचं रान

चिलीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. लांबच लांब पट्टी, एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला अँडीज. या पट्टीच्या दक्षिण भागात वाल्दिव्हिया नावाचं शहर आहे आणि त्याच्या नावाने ओळखलं जाणारं वर्षावन आहे. वर्षावन म्हटलं की आपल्याला घामट, उष्ण जंगल आठवतं. हे तसं नाही. इथे पाऊस धो धो पडतो, पण हवा गार असते, हिवाळ्यात बर्फ पडतं. झाडं नोथोफॅगस या दक्षिणी वंशातली, खोडांवर शेवाळाची जाड गोधडी, आणि खाली बांबूची दाट गचपण. हा बांबू चुस्केआ वंशातला. तिथले लोक त्याच्या जातींना कोलिवे, किला अशी नावं देतात. चिलीच्या मुख्य भूमीवर, चिलोए बेटावर आणि अँडीज ओलांडून अर्जेंटिनाच्या लगतच्या पट्ट्यात मोनितो राहतो. बाकी जगात कुठेही नाही.

त्याचं वजन १६ ते ४२ ग्रॅमच्या दरम्यान. मोठं लिंबू त्याच्यापेक्षा जड भरेल. अंग ८ ते १३ सेंटिमीटर आणि शेपटीही जवळपास तेवढीच. अंगावर दाट, मऊ, तपकिरी-राखाडी केस. शेपटीही केसाळ, फक्त टोकाकडे खालच्या अंगाला एक पट्टा उघडा असतो, फांदीला घट्ट धरता यावं म्हणून. शेपटीचं बूड मात्र उन्हाळाअखेर फुगत जातं. तिथे चरबी साठते. तिची गोष्ट पुढे येईलच.

घरटं पाहण्यासारखं असतं. बांबूची पानं एकावर एक रचून केलेला गोळा, आत शेवाळाचं अस्तर. पानांवरून पाणी ओघळून जातं आणि आतलं शेवाळ कोरडं राहतं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शेतात लावणी करताना पाठीवर घ्यायचं इरलं याच युक्तीचं. बाहेर पानं, आत उबदार कोरडं. हे घरटं झाडाच्या ढोलीत, पडलेल्या ओंडक्याखाली किंवा बांबूच्या गचपणात, जमिनीपासून फार उंच नाही अशा जागी असतं.

हिरवं पिकलेलं फळ

तिथल्या बांडगुळाचं शास्त्रीय नाव ट्रिस्टेरिक्स कोरिंबोसस. लोक त्याला किंत्राल म्हणतात. आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाच्याच कुळातलं हे झाड आहे, म्हणजे नात्याने चुलत. त्याची बहुतेक फळं पिकल्यावरही हिरवीच राहतात. जरा विचित्र वाटतं ना? फळ पिकलं की रंग बदलतं, कारण त्याला खाणाऱ्याच्या नजरेत भरायचं असतं. जांभूळ जांभळं होतं, करवंद काळं होतं, तोंडली लाल होते. मग हे हिरवं का?

कारण गिऱ्हाईक रात्री येतं. अंधारात रंगाची जाहिरात करून उपयोग काय?

ही नुसती कल्पना नाही. हेच बांडगूळ चिलीच्या उत्तरेकडच्या कोरड्या, झुडपी भागातही वाढतं. तिथे मोनितो नाही. तिथे फळं खातात पक्षी, आणि तिथे त्याच बांडगुळाची फळं पिकल्यावर पिवळी होतात. एकच वनस्पती, दोन मुलूख, दोन गिऱ्हाइकं, दोन रंग. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

२००० साली गिल्येर्मो आमिको आणि मार्सेलो आइसेन या अर्जेंटिनातल्या दोन संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात हे नातं जगापुढे मांडलं. अर्जेंटिनात बारिलोचे शहराजवळ याओ याओ नावाचं राखीव रान आहे, तिथे त्यांनी निरीक्षणं केली. तोवर बांडगुळाच्या बिया म्हणजे पक्ष्यांचं काम हा ठाम समज होता. याओ याओत मात्र पक्ष्यांना या फळांत रस नव्हता. बिया पसरवणारा सापडला तो मोनितो, आणि तोही एकटाच.

हे चालतं कसं, ते नीट पाहू. फळात एकच बी. भोवती चिकट गर, वर साल. मोनितो फळ गिळतो. पोटातून जाताना साल निघते, चिकट गराचा थर मात्र बीला धरून राहतो. रात्री फांद्यांवरून फिरताना त्याची विष्ठा पडते ती बियांच्या माळेसारखी, एकीला एक चिकटलेली, आणि ती पडते फांदीवरच, कारण हा गडी फांदीवरच असतो. आता यात दोन कामं एका फेरीत झाली. पहिलं, साल निघाली. साल न निघालेली बी रुजत नाही. दुसरं, बी योग्य जागी पोहोचली. बांडगुळाची बी जमिनीवर पडली तर ती मेली म्हणून समजा. तिला जिवंत फांदीच लागते, कारण तिचं पहिलं मूळ सालीत घुसून यजमान झाडाच्या पाण्याला तोंड लावतं. म्हणजे फळ मातीत सांडणारा, किंवा गिळून दूर मोकळ्यावर टाकणारा प्राणी बांडगुळाच्या कामाचा नाही. फांदीवर खाणारा आणि फांदीवरच हगणारा हवा. शब्द जरा रांगडा आहे, पण या नात्याचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

मोनितो फक्त बांडगूळ खातो असं समजू नका. किडे, अळ्या हा त्याचा मोठा आहार, आणि रानातल्या इतरही डझनभराहून जास्त झाडाझुडपांची रसाळ फळं तो खातो, त्यांच्या बियाही पसरवतो. पण त्या झाडांना इतर वाहक मिळू शकतात. किंत्रालला त्या रानात दुसरा कुणी नाही.

मग बिघडलं कुठे, बांडगूळच ते

इथे आजोबांची शंका रास्त आहे. बांडगूळ झाडाचं पाणी पितं. ते नाहीसं झालं तर झाडाला बरंच की!

बागेत हे खरं आहे. हापूसचं कलम पैसे देतं, बांडगूळ देत नाही. पण रानाचा जमाखर्च निराळा. किंत्राल फुलतं ते हिवाळ्यात, जेव्हा त्या थंड रानात दुसऱ्या कशालाच फूल नसतं. त्याची लांब, लाल, नळीसारखी फुलं मधाने भरलेली असतात. त्या मधावर हिवाळा काढतो एक हमिंगबर्ड. हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत. आपले शिंजीर साधारण तेच काम करतात, आणि आपल्या बांडगुळाच्या फुलांवरही शिंजीरच येतात. त्या हमिंगबर्डला स्पॅनिशमध्ये म्हणतात पिकाफ्लोर. 'पिकार' म्हणजे टोचणं, 'फ्लोर' म्हणजे फूल. अक्षरशः फुलटोच्या! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा एकटाच हसलो होतो. आमचा फुलटोच्या फळ खातो आणि बी लावतो. त्यांचा फुलटोच्या मध पितो आणि परागकण नेतो. नाव एक, खातं वेगळं.

हिवाळा निभावलेला हा पिकाफ्लोर वसंतात आणि उन्हाळ्यात रानभर फिरतो. त्या रानातल्या लाकडी झाडाझुडपांच्या सुमारे २० टक्के वंशांचं परागीभवन तो करतो. लालभडक फुलांचा नोत्रो, लोंबत्या फुलांची फ्यूशिया, अशी कितीतरी झाडं त्याच्या चोचीवर अवलंबून आहेत.

आता साखळी उलटी वाचा. झाडांना फळ धरायला पिकाफ्लोर हवा. पिकाफ्लोरला हिवाळ्यात किंत्राल हवं. किंत्रालला मोनितो हवा. लिंबापेक्षा हलक्या प्राण्याच्या पोटातून जाणारी एक वाट बंद झाली, तर तिचा धक्का अशा झाडांना बसतो ज्यांचं फळ त्या प्राण्याने कधी चाखलेलंही नाही.

बशीतला चहा

एवढ्या छोट्या प्राण्याला थंडी फार महागात पडते. कारण साधं आहे. चहा बशीत ओतला की लगेच निवतो, पातेल्यातला बराच वेळ गरम राहतो. चहा तोच, पण बशीत त्याचा हवेशी संबंध जास्त. लहान शरीराचंही तसंच: आतला ऐवज थोडा, त्या मानाने कातडीचा पसारा मोठा. उष्णता सतत निसटत राहते, आणि ती भरून काढायला सतत खावं लागतं. हिवाळ्यात किडे नाहीत, फळं नाहीत. मग करायचं काय?

मोनितो शेगडी विझवतो.

झोपतो, असं मी मुद्दाम म्हणत नाही. झोपेत आपलं शरीर गरमच असतं, हृदय जरा संथ चालतं एवढंच. मोनितोच्या शीतनिद्रेत शरीराचं तापमान उतरत उतरत भोवतालच्या हवेच्या जवळ येऊन थांबतं. हात लावला तर थंडगार लागतो. जागेपणी मिनिटाला सुमारे २०० ठोके देणारं हृदय दोन-तीन ठोक्यांवर येतं. श्वास घेतला की पुढचा श्वास काही मिनिटांनी. पाहणाऱ्याला वाटावं, गेलं बिचारं. पण आत दिवा मिणमिणतोय, आणि त्याला तेल पुरवते ती शेपटीच्या बुडाशी साठलेली चरबी.

ही अवस्था सलग महिनोन्महिने टिकत नाही. काही दिवस गार पडून राहायचं, मग अंग तापवून उठायचं, पुन्हा विझायचं, असं चालतं. गंमत म्हणजे सगळ्यांत जास्त इंधन जळतं ते या उठण्यात. थंड पडलेली गाडी सुरू करताना बॅटरीवर जसा ताण येतो, तसं. त्यामुळे हिवाळ्यात विनाकारण जाग येणं मोनितोला परवडत नाही.

शिवाय त्याच्याकडे छोटा पर्यायही आहे. एखादी रात्र फारच गार निघाली किंवा पोटाला मिळालं नाही, तर हिवाळ्याची वाट न पाहता तो काही तासांपुरता विझतो आणि पुन्हा उठतो. म्हणजे पूर्ण शीतनिद्रा ही मोठी सुट्टी आणि ही रोजची डुलकी. बहुतेक प्राण्यांना या दोनांतली एक जमते, याला दोन्ही जमतात. थंडीत एकाच घरट्यात अनेक मोनितो एकमेकांना बिलगून गारठलेले सापडतात. एकत्र असले की हवेला लागणारी कातडी कमी. बशीतले चहा पुन्हा पातेल्यात ओतल्यासारखं.

इथे हवामानबदलाची एक तिरपी बाजू दिसते. आपल्याला वाटेल, हिवाळा सौम्य झाला तर या प्राण्याचं भलं होईल. पण विझलेल्या शरीराचं तापमान हवेच्या तापमानामागे जातं. हवा उबदार झाली की शरीरही उबदार राहतं, आणि उबदार शरीर चरबी भराभर जाळतं. खायला मात्र रानात अजून काहीच नसतं. गार हिवाळा हीच त्याची काटकसर.

पिशवीतला संसार

विणीचा हंगाम तिकडच्या वसंतात असतो, म्हणजे आपल्याकडे पावसाळा सरून शरद लागतो तेव्हा. गर्भ पोटात तीन-चार आठवडेच राहतो. पिशवीवाल्या प्राण्यांची ही खासियत आहे. आपल्यासारख्या प्राण्यांत आईची वार बाळाला महिनोन्महिने पोसते. यांच्यात वार असते, पण अल्पकाळाची आणि साधी. पिल्लू अर्धंकच्चं जन्मतं, सरपटत पिशवीत पोहोचतं आणि आचळाला तोंड लावतं ते सुटतच नाही. उरलेली वाढ दुधावर. म्हणून या प्राण्यांत गर्भारपण नाममात्र आणि अंगावर पाजणं लांबलचक.

मोनितोच्या मादीला चार आचळं असतात. कधी पाच पिल्लं जन्मतात. पाचव्याचं काय होतं ते सांगायला नको.

पिशवी सोडल्यावर पिल्लं काही काळ घरट्यात राहतात, मग आईच्या पाठीवर बसून रात्रीच्या फेरीला निघतात, आणि मग आपापली फांदी धरतात. दुसऱ्या वर्षी ती वयात येतात. आयुष्य तीन-चार वर्षांचं. एवढ्या आकाराच्या प्राण्याला हे कमी नाही. उंदराला त्याचा हेवा वाटावा.

घोट्याच्या हाडाची साक्ष

आता थोडं खोलात जाऊ, कारण मोनितोचं मूळ गाव हा या सगळ्यातला सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे.

पिशवीवाले प्राणी म्हटलं की ऑस्ट्रेलिया आठवतो. पण अमेरिकेतही ते आहेत, शंभराहून जास्त जातींचे. बहुतेक ओपोसम नावाच्या गटातले. मोनितो दक्षिण अमेरिकेत राहतो, दिसतो ओपोसमच्या पिल्लासारखा. त्यामुळे १८९४ साली ओल्डफील्ड थॉमस यांनी चिलोएवरच्या नमुन्यावरून त्याला ड्रोमिसिऑप्स ग्लिरॉइड्स असं नाव दिलं, त्यानंतर बराच काळ तो ओपोसमचाच भाऊबंद मानला गेला.

१९८२ साली फ्रेडरिक सॅले या शरीररचनातज्ज्ञाने मोनितोचा घोटा पाहिला. टाचेचं हाड आणि त्याच्यावर बसणारं घोट्याचं हाड जिथे एकमेकांवर टेकतात, तिथे अमेरिकी पिशवीवाल्यांत दोन वेगवेगळे टेकू असतात. ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्यांत हे दोन्ही जुळून एकच सलग टेकू झालेला असतो. मोनितोच्या घोट्यात टेकू एकच निघाला. सॅले यांनी सरळ सांगितलं: याचे नातेवाईक इथले नाहीत, समुद्रापलीकडचे आहेत. शेजारच्या झाडावरचा ओपोसम परका आणि हजारो किलोमीटरवरचा कांगारू जवळचा!

पुष्कळांना हे पटलं नाही. दोन हाडांच्या सांध्यावर इतका मोठा इमला कसा उभारायचा? याचा निकाल लागला डीएनएवरून. प्राण्यांच्या जनुकीय मजकुरात काही तुकडे असे असतात की ते स्वतःची नक्कल करून भलत्याच जागी जाऊन बसतात आणि मग पिढ्यानपिढ्या तिथेच राहतात. जुन्या पोथ्यांचा अभ्यास करणारे लोक काय करतात? दोन हस्तलिखितांत त्याच ओवीत तोच चुकीचा शब्द सापडला, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवली असं धरतात. कारण दोन लेखनिक एकाच जागी तीच चूक आपापली करतील, हे संभवत नाही. जनुकांतल्या या तुकड्यांचंही तसंच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा तुकड्यांच्या जागा जुळवल्या गेल्या आणि मोनितोची फांदी ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या पिशवीवाल्यांच्या अगदी शेजारी, त्यांच्या खोडाशी येऊन बसली. घोटा खरं बोलत होता.

मग समुद्र कसा ओलांडला? ओलांडलाच नाही. तेव्हा समुद्र नव्हता. दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया ही जमीन सलग होती. अंटार्क्टिकावर बर्फ नव्हतं, नोथोफॅगसची रानं होती. आज चिलीत मोनितो ज्या वंशाच्या झाडांवर फिरतो, त्याच वंशाची. योगायोग असा की १९८२ सालीच अंटार्क्टिकाजवळच्या सेमूर बेटावर एका पिशवीवाल्या प्राण्याचा जीवाश्म सापडल्याचं जाहीर झालं. अंटार्क्टिकावरून मिळालेला भूचर सस्तन प्राण्याचा तो पहिला पुरावा. पुढे त्याच बेटावर मोनितोच्या गटातल्या प्राण्यांचे दातही मिळाले. वाटेवरचा मुक्काम सापडला म्हणायचा.

या एकसंध भूमीला आपण गोंडवन म्हणतो. हे नाव आपल्याच दारातून गेलेलं आहे. गोंडांच्या मुलखात, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भासह मध्य भारतात, सापडणाऱ्या खडकांच्या थरांना आधी गोंडवन हे नाव पडलं, आणि एडुआर्ड सूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने १८८५ साली त्यावरून अख्ख्या प्राचीन भूखंडाला 'गोंडवनभूमी' म्हटलं. चंद्रपूरचा कोळसा ज्या थरांतून निघतो, तेच हे थर.

मग नाव आपलं असून पिशवीवाला प्राणी आपल्याकडे एकही का नाही? कारण भारताची गाडी आधीच सुटली होती. भारताचा तुकडा अंटार्क्टिका-ऑस्ट्रेलियापासून १२-१३ कोटी वर्षांपूर्वी सुटा व्हायला लागला. पिशवीवाले प्राणी उत्तरेकडून दक्षिण अमेरिकेत उतरले ते त्याच्या कितीतरी नंतर, डायनोसॉरच्या अखेरच्या काळाच्या सुमारास. तोवर आपण समुद्रात एकटे उत्तरेकडे निघालेले होतो, आणि थोड्याच काळात दख्खनवर लाव्हा पसरणार होता.

मोनितोला हौसेने 'जिवंत जीवाश्म' म्हणतात. मला हा शब्द खटकतो. त्याच्या गटात आज दुसरं कुणी उरलेलं नाही हे खरं. पण तो थांबून राहिलेला नाही. एवढंच कशाला, तो एक आहे की अनेक यावरही वाद आहे: २०१६ साली काही संशोधकांनी आणखी दोन जाती वेगळ्या काढल्या, नंतरच्या अभ्यासांनी त्यातली एक गाळून उत्तरेची एक आणि दक्षिणेची एक अशा दोन धरल्या. उत्तरेकडच्या जातीला फ्रान्सिस्को बोझिनोविक या चिलियन शरीरक्रियातज्ज्ञाचं नाव दिलं आहे, ज्यांनी मोनितोच्या शीतनिद्रेवर काम केलं होतं.

गाय, हरीण आणि निलगिरी

मोनितोला मोकळी जमीन आवडत नाही. फांदीवरून फांदीवर जाणारा प्राणी तो. मध्ये कुरण आलं, रस्ता आला की त्याचं रान तिथे संपतं. रानाचे तुकडे पडले की छोट्या तुकड्यांतून तो आधी जातो आणि त्याच्यामागोमाग नवं किंत्राल उगवायचं थांबतं. जुनं बांडगूळ अजून फुलत असतं, त्यामुळे वरून सगळं ठीक दिसतं. हे फसवं आहे.

अर्जेंटिनातल्या नाहुएल हुआपीच्या परिसरात दुसराच प्रकार दिसला. माणसांनी तिथे गुरं आणली, युरोपातून लाल हरणं आणली. ती माकी नावाचं झुडूप आवडीने खातात. माकी हा किंत्रालचा मुख्य यजमान. माकी कमी झाली, तशी किंत्राल कमी झालं, त्यामागे पिकाफ्लोर आणि मोनितो कमी झाले. गुरांनी मोनितोला कधी हातही लावला नव्हता.

आणि तरी तो हट्टी आहे. चिलीच्या किनाऱ्यालगतच्या रानात निलगिरीच्या सोडून दिलेल्या लागवडी आहेत. तिथे निलगिरीखाली देशी झुडपं आणि बांबू माजू दिला, तर मोनितो तिथेही येतो. त्याला निलगिरीचं काही नाही. त्याला वर चढायला आणि दडायला गचपण हवं. आपण ज्याला 'साफसफाई' म्हणतो, नेमकी तीच त्याला नको असते.

त्याची मोजदाद करायची तर अभ्यासक झाडांवर, माणसाच्या कमरेच्या-छातीच्या उंचीला, तारेचे पिंजरे बांधतात. आमिष म्हणून केळ्याचा तुकडा. केळं त्या रानात उगवत नाही, पण वास लागला की मोनितो येतोच. पहाटे पिंजरे तपासतात. रात्र फार गार गेली असेल तर आतला मोनितो कधी कधी केळ्याशेजारीच विझलेला मिळतो: अंगाचा गोळा, शेपटी गुंडाळलेली, स्पर्श थंड. त्याला उबेत ठेवायचं आणि थांबायचं. हळूहळू श्वास वाढतात, अंगात थरथर येते, काळ्या वर्तुळांतले डोळे उघडतात. मग ज्या झाडावर धरला, त्याच झाडाच्या फांदीवर त्याला सोडायचं.